शिस्त कपाटात होती

अमळनेरला तत्त्वज्ञान आधी आलं, वनस्पती तूप नंतर. प्रताप शेठ यांनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं ते १९१६ साली. संसाराची आसक्ती सुटते की नाही आणि सुटली तर कशी, याचा तिथे पद्धतशीर अभ्यास चाले. साने गुरुजीही तिथे शिकून गेले. १९४५ मध्ये महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी काढली, खानदेशातल्या याच गावात कारखाना घातला, आणि अनासक्तीच्या प्रात्यक्षिकाची सोय झाली. गावातल्या शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी, कामगारांनी कंपनीचे शेअर घेतले. कंपनी वनस्पती तूप करायची, ‘७८७’ नावाचा कपड्याचा साबण करायची. १९६६ मध्ये मालक वारले, तेव्हा एकवीस वर्षांचा मुलगा अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट टाकून परतला. पुढे नावाची लांबी झेपेना म्हणून कंपनी ‘विप्रो’ झाली आणि साबणाशेजारी संगणक येऊन बसला. या सगळ्या घडामोडींत अमळनेरकरांनी काय केलं? बऱ्याच घरांनी काहीही केलं नाही.

या काहीही न करण्याचा हिशेब मांडला तर डोळे फिरतात. १९८० साली १०० रुपये दर्शनी किमतीचा विप्रोचा एक शेअर ज्याच्याकडे होता आणि ज्याने त्याला हात लावला नाही, त्याच्याकडे २०१० पर्यंत ९६,००० शेअर झाले. एकावर एक बोनस, पुन्हा एकावर एक, १९९७ मध्ये एकावर दोन, १९९९ मध्ये एका शेअरचे पाच तुकडे, २००४ मध्ये परत एकावर दोन. पुढेही ही बरसात थांबली नाही. २०२४ मध्ये आणखी एकावर एक झालंच.

हे वाचून कोणत्याही मराठी माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की आपले आजोबा अमळनेरला का नव्हते. आजोबा होते दुसरीकडे. त्यांनी त्याच सुमारास भावाबरोबर सामाईक एक प्लॉट घेतला. त्या प्लॉटचा दावा अजून चालू आहे. दीर्घकालीन गुंतवणूक म्हणाल तर तीही आहेच.

अमळनेरची गोष्ट सांगणारे संयमाचं फार कौतुक करतात. त्या संयमातला माणसाचा वाटा किती आणि कपाटाचा किती, हे मात्र कोणी विचारत नाही.

डिमॅटच्या आधीचा शेअर म्हणजे कागद. तो लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, रेशनकार्ड आणि विम्याच्या पावत्यांखाली पडलेला असे. विकायचा म्हटला तर आधी किल्ली शोधा. मग ट्रान्स्फर फॉर्म आणा, भरा, सही करा. तिथून कागद दलालाकडे, दलालाकडून बाजारात, बाजारातून घेणाऱ्याकडे, घेणाऱ्याकडून कंपनीच्या रजिस्ट्रारकडे. महिन्या-दोन महिन्यांनी सगळं बाड घरी परत येई, सोबत एका ओळीचा शेरा: सही जुळत नाही. जुळणार कशी? १९७४ मध्ये ज्या हाताने ती सही केली त्याला नुकतीच नोकरी लागली होती आणि आडनावाच्या शेवटी लांब शेपटी काढायची हौस होती. १९९० पर्यंत त्या हाताने हजारो मस्टरं भरली होती आणि शेपटी कधीच झडली होती. मग काका जेवणानंतर पाटीवर जुन्या सहीचा सराव करत बसत.

भाव कळायचा तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. भिंग घेऊन बोट ठेवावं तर बोटाखाली तीन कंपन्या यायच्या. विकावंसं वाटणं आणि प्रत्यक्ष विकलं जाणं यांत इतके दिवस जात, की भीतीने विकायला निघालेल्याची भीती आणि हावेने निघालेल्याची हाव, दोन्ही वाटेत निवून जात. अर्थशास्त्राच्या भाषेत याला दीर्घकालीन दृष्टी म्हणता येईल. घरात त्याला ‘यांच्याच्याने काही होत नाही’ असं म्हणत.

१९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात पडद्यावर सौदे सुरू झाले, १९९६ मध्ये शेअर कागदाचे विजेचे व्हायला लागले आणि फसवणूक, हरवलेलं टपाल, बनावट सर्टिफिकेटं या जाचातून लोक सुटले. फार चांगलं झालं. पण कपाटाबरोबर कपाटात ठेवलेली शिस्तही गेली, आणि ती बाहेरून आणून बसवायची पाळी प्रत्येकावर आली. बाजारात दीर्घकाळ टिकण्याच्या ज्या सवयी आज पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून सांगितल्या जातात, त्यांतल्या निम्म्याअधिक सवयी म्हणजे त्या हरवलेल्या किल्लीची सोय पुन्हा करून घेणं आहे.

ती सोय किती अवघड आहे ते सकाळच्या लोकलमध्ये दिसतं. देशात मार्च २०२० मध्ये साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती १० कोटींच्या पुढे गेली. ज्या कामाला रजिस्ट्रार, पोस्टखातं आणि शेपटीवाली सही लागत असे, ते आता डोंबिवली ते ठाणे या टप्प्यात एका हाताने होतं. दुसऱ्या हाताने वरची कडी धरता येते. सव्वानऊला बाजार उघडतो. गृहस्थांनी शेअर घेतले आहेत मुलीच्या उच्च शिक्षणासाठी. मुलगी बालवाडीत आहे. तिचं इंजिनिअरिंग यायला अजून चौदा वर्षं आहेत, पण बाबा घाटकोपर येईस्तोवर चारदा भाव बघून चिंतेत पडलेले असतात. संध्याकाळी कोणी विचारलं तर मान ताठ करून सांगतात, ‘आपलं बुवा लाँग टर्म आहे.’

या वारंवार बघण्याला काही किंमत नसती तर प्रश्न नव्हता. पण जो बघतो तो दाबतोही. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या दोन प्राध्यापकांनी १९९१ ते १९९६ या काळातली ६६,४६५ अमेरिकन घरांची दलालाकडची खाती तपासली. त्या काळात बाजाराने वर्षाला सरासरी १७.९ टक्के दिले. सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्या घरांच्या पदरात ११.४ टक्के पडले. मधला फरक दलालीत आणि घेणं-विकणं यांतल्या भावाच्या तफावतीत झिरपून गेला. २००१ मध्ये याच जोडीने आणखी एक निबंध लिहिला: पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त सौदे करतात आणि त्यापायी स्वतःचं नुकसानही जास्त करून घेतात. मराठी घरांनी या संशोधनाचा आदर राखून मधला मार्ग काढला आहे. शेअर बायकोच्या नावावर असतात आणि ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो.

ही झाली साध्या खरेदी-विक्रीची गत. फ्युचर-ऑप्शनची चाळण त्याहून बारीक आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब जाहीर केला, त्यात १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात निघाले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला. तरी ऑफिसात भेटणारा प्रत्येक जण उरलेल्या सातांपैकीच असतो. ते ९३ जण नेमके कुठल्या ऑफिसात जातात, कोण जाणे.

आता धैर्याची गोष्ट. बाजार चढा असताना प्रत्येक सोसायटीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पडू दे जरा, मग घेतो.’ २३ मार्च २०२० रोजी बाजार या मंडळींच्या विनंतीला मान देऊन पडला. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळून २६,००० च्या खाली बंद झाला. जानेवारीत तो ४२,००० च्या घरात होता. घ्यायला कोण आलं? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी काढ्याची कृती आणि ‘अजून निम्म्यावर येणार’ हा संदेश आलटून पालटून फिरत होते. पडल्यावर घेणारे आता ‘थोडं स्थिरावू दे’ म्हणू लागले. स्थिरावला तो जानेवारी २०२१ मध्ये ५०,००० ला शिवून. मग त्यांनी पुन्हा एकवार पडण्याची वाट पाहायला सुरुवात केली.

अशा माणसाला धैर्य शिकवण्यात वेळ घालवू नये, त्याच्याकडून निर्णयच काढून घ्यावा, हे ज्याला सुचलं तो मोठा जाणकार. एसआयपी म्हणजे दुसरं काय आहे? दर महिन्याच्या पाच तारखेला बँक पैसे कापते आणि मालकाला विचारत नाही. विचारलं असतं तर मार्च २०२० मध्ये त्याने नाही म्हटलं असतं, २०२१ मध्ये दुप्पट म्हटलं असतं, आणि गणपतीच्या महिन्यात ‘या वेळी राहू दे’ म्हटलं असतं. एप्रिल २०२४ मध्ये देशभरातून एसआयपीत महिन्याला येणारी रक्कम पहिल्यांदा २०,००० कोटी रुपयांच्या वर गेली. तिच्यातला मोठा भाग असाच, मालकाला न विचारता आलेला असावा. बंद करायचा पर्याय असतो, पण तो ॲपच्या चार पडद्यांमागे असतो, आणि चौथ्या पडद्यापर्यंत भीती पुरत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर सोपं होतं. पण ‘धरून बसा, सगळं नीट होतं’ असं सांगणाऱ्यांनी बाजाराचा इतिहास निवडून वाचलेला असतो. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ सालचा, १०० अंकांचा. जुलै २०२४ मध्ये त्याने ८०,००० ओलांडले. म्हणजे लाभांश सोडूनही वर्षाला सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास. तक्त्यावर ही रेघ घाटातल्या रस्त्यासारखी वर जाताना दिसते. पण त्याच रेघेवर एप्रिल १९९२ आहे. हर्षद मेहताच्या तेजीत सेन्सेक्स ४,४०० च्या पुढे गेला, त्याच्या घोटाळ्याची पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी छापून आली आणि हवा गेली. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो ३,००० च्या आसपास होता. अकरा वर्षं! १९९२ च्या एप्रिलमध्ये आत शिरलेल्याचा मुलगा तोवर पहिलीतून बारावीला आला. शेजारच्या जोशी-कुलकर्णी मंडळींनी तेवढ्या काळात किसान विकास पत्रं घेतली होती, ती आरंभी साडेपाच वर्षांत दुप्पट होत. म्हणजे दोनदा दुप्पट. शेजाऱ्याने त्याबद्दल कधी टोमणा मारला नाही, फक्त दर साडेपाच वर्षांनी पेढे दिले.

आणि ज्या विप्रोच्या नावाने एवढं कौतुक चालतं, तिचाच शेअर फेब्रुवारी २००० मध्ये ९,५०० रुपयांच्या वर गेला होता. संगणकाच्या नावाने तेव्हा काहीही विकलं जाई. त्या भावाला घेणाऱ्याने पुढच्या दीड वर्षात बहुतेक रक्कम वितळताना पाहिली, आणि बोनस धरूनसुद्धा तो भाव परत दिसायला वीसेक वर्षं लागली. कंपनी तीच, माणसं तीच, संयम कदाचित अमळनेरपेक्षा कणभर जास्तच. फक्त घेतानाची किंमत निराळी. संयमाच्या व्याख्यानांत हा विद्यार्थी कधी बोलावला जात नाही.

चुकीची वस्तू धरून बसण्यात तर काही जणांची हयात गेली आहे. ‘सत्यम’चे शेअर विश्वासाने ठेवलेल्यांना ७ जानेवारी २००९ रोजी कळलं की ताळेबंदातली रोकड कागदावरच होती; अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून तसं कळवलं. तेवढी लेखी कबुली फार थोड्या घोटाळ्यांच्या वाट्याला येते. त्याआधी वर्षभर, जानेवारी २००८ मध्ये, रिलायन्स पॉवरच्या विक्रीला मागणी इतकी आली की ७० पटींच्या वर अर्ज झाले. किरकोळ गुंतवणूकदाराला सवलत धरून ४३० रुपयांना शेअर मिळाला. फेब्रुवारीत पहिल्या दिवशी तो ३७२ च्या आसपास बंद झाला. नफा तासाभरात काढून बाहेर पडायचं ठरवून आलेले हजारो लोक त्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता दीर्घकालीन गुंतवणूकदार झाले. आपल्याकडे या पंथाची दीक्षा बहुधा अशीच मिळते. नफ्यातला शेअर माणूस घाईने विकतो, कारण नफा पळून जाईल. तोट्यातला ठेवतो, कारण विकला तर तोटा खरा होईल. परिणामी दहा वर्षांनी खात्यात उरतं ते सगळं न विकलं गेलेलं. त्यालाच पोर्टफोलिओ म्हणायचं.

तोट्यातल्याला जवळ ठेवण्याचा आणखी एक मान्यवर प्रकार म्हणजे सरासरी काढणं. ४३० ला घेतला, ३०० ला आणखी घेतला, १५० ला परत घेतला. सरासरी खाली आली म्हणून गृहस्थ खूश. शेअरला मात्र कोणाची सरासरी किती हे माहीत नसतं. चांगल्या धंद्याचा भाव पडला असेल तर ही युक्ती उत्तम चालते आणि धंदाच बसला असेल तर हीच युक्ती घर बसवते. यांतलं कुठलं आहे हे कळायला एक कंटाळवाणं पुस्तक उघडावं लागतं: वार्षिक अहवाल.

त्या अहवालांचं मराठी घरांतलं चरित्र कोणीतरी लिहायला हवं. पूर्वी ते टपालाने यायचे, जाडजूड, गुळगुळीत कागदाचे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की त्यांची पानं वह्यांना घातली जात. नफा-तोटा पत्रक भूगोलाच्या वहीला आणि लेखापरीक्षकाचा शेरा चित्रकलेच्या वहीला. कर्ज किती, रोख खरोखर हाती येते का, प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का, ही सगळी माहिती घरात होती, फक्त दप्तरात होती. आता अहवाल मेलवर येतो आणि वह्यांनाही उपयोगी पडत नाही.

कंपनीच्या वार्षिक सभेला जाणारे मात्र जात. ऐंशीच्या दशकात रिलायन्सचे भागधारक सभागृहात मावेनात, तेव्हा सभा कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर घ्यावी लागली. मुंबईत काही निवृत्त गृहस्थ सभांचं वेळापत्रक लग्नसराईसारखं सांभाळत. कोणत्या कंपनीचा खाऊचा पुडा चांगला, कुठे सामोसा गार होता, यावर त्यांचं मत ठाम असे आणि ते अध्यक्षांना माइकवरून सांगितलं जाई. मधेच एखादा भागधारक अध्यक्षांवर रचलेली कविता म्हणून दाखवी. हसावं तेवढं थोडं. पण हा माणूस वर्षातून एकदा तरी कंपनीच्या माणसांची तोंडं बघत होता. आणि फोनवर दिवसातून चाळीसदा भाव बघणाऱ्या त्याच्या नातवाला आपली कंपनी काय बनवते हे विचारलं तर तो ‘केमिकलमधली आहे’ एवढंच सांगतो.

मग करायचं काय? फार थोडं, आणि तेही मुद्दाम अडगळीत ठेवून. शेअर घेताना का घेतला हे वहीत दोन ओळींत लिहावं, शाईने. ‘मेहुण्याने सांगितलं’ असं लिहायची वेळ आली की हात आपोआप थांबतो. निम्मे पैसे तिथेच वाचतात. ती कारणं खोटी ठरली तर विकावं, भाव पडला एवढ्यावर विकू नये. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बँकेत वेगळी असावी, कारण अत्यंत धीराचा माणूसही इस्पितळाच्या खिडकीपाशी पडेल त्या भावाला विकतो. ॲप फोनच्या पहिल्या पानावरून काढून शेवटच्या पानावर, कॅलरी मोजणाऱ्या ॲपशेजारी ठेवावं. तिकडे कोणी फिरकत नाही. खातं तपासायला वर्षातले दोन दिवस पुरतात. एक लक्ष्मीपूजनाचा ठेवता येईल. त्या दिवशी तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात, आणि कित्येक घरांत मुहूर्ताला घेतलेला शेअर शकुनाचा म्हणून विकत नाहीत. सगळ्या वर्षात अभ्यास करून घेतलेल्या शेअरांपेक्षा हा शकुनाचाच जास्त वाढल्याचं अनेकांना पुढे कळतं, आणि ते कोणाला सांगत नाहीत.

करसुद्धा थांबणाऱ्याच्या बाजूने आहे. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के लागतात. वर्षभर थांबलं तर वर्षाकाठी सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा. ११ महिने २० दिवसांनी विकून बसलेला माणूस प्रत्येक सीएच्या ओळखीचा असतो.

मात्र थांबण्यालाही सरकारने एक मर्यादा आखली आहे. लाभांशावर सलग सात वर्षं कोणी हक्क सांगितला नाही, तर लाभांश आणि त्यामागचे शेअर दोन्ही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. आजोबांनी घेतले, कोणाला सांगितले नाहीत, पत्ता बदलला तो कंपनीला कळवला नाही, आणि गेले. ते परत मिळवायला वारसांना अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसा प्रमाणपत्र, हमीपत्र असं सगळं करावं लागतं. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकताही येत नाही. आधी तो डिमॅटमध्ये आणावा लागतो.

हे टाळायला डिमॅट खात्याला नामनिर्देशन करावं, पाच मिनिटांचं काम आहे. आधी जास्तीत जास्त तीन नावं देता येत. २०२५ पासून सेबीने ती मर्यादा दहावर नेली. प्रत्येकाच्या नावापुढे टक्केवारी लिहायची असते. पाच मिनिटांचं ते काम बऱ्याच घरांत दिवाळीपासून अडून आहे, कारण थोरलीला ३४ टक्के आणि धाकट्याला ३३ कशासाठी, याचा खुलासा अजून झालेला नाही.